शाळेबाहेर राहिलेला मुलगा : संत गाडगेबाबा आणि आपली घरे

आमच्या शाळेतून बाहेर पडलेले बहुतेक विद्यार्थी पुढे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांतील महाविद्यालयांत शिकतात. यथाकाल त्यांच्या हाती पदवीचा जो कागद येतो त्यावर संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ हे नाव असते. १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन हे विद्यापीठ अस्तित्वात आले आणि पुढे त्याला बाबांचे नाव मिळाले. ज्याच्या नावाची मोहोर आमच्या लेकरांच्या पदव्यांवर उमटते तो माणूस स्वतः शाळेत कधी बसला नाही, ही गोष्ट पदवी घेणाऱ्यांपैकी कितीजणांच्या ध्यानात येत असेल, याची आम्हांस शंका आहे.

या स्मरणिकेसाठी पालकांना उपयोगी पडेल असे काही लिहावे, मुलांच्या अभ्यासाला घरून कसा हातभार लागतो ते सांगावे, अशी सूचना आली. सूचनांची जंत्री देणे सोपे होते. परंतु अशा जंत्र्या पालकसभेत आम्ही पुष्कळ वाचून दाखविल्या आहेत, आणि त्या ऐकताना मागच्या रांगेतील आयाबायांच्या चेहऱ्यावर जो संकोच दिसतो तोही पाहिला आहे. आपल्याला वाचता येत नाही, मग आपण लेकराला काय शिकविणार, हा तो संकोच. त्यांच्यासाठी आम्हांला आपल्याच मातीतले हे चरित्र आठवले.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी परिसरातल्या शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी, आई सखुबाई. घर अगदीच दरिद्री नव्हते. ते दरिद्री झाले. झिंगराजींना दारूचे व्यसन जडले. त्या काळी देवाला बकरे आणि दारू यांचा नैवेद्य दाखवायचा आणि तो प्रसाद म्हणून सर्वांनी घ्यायचा, ही रीत कित्येक जातींत होती. व्यसनाला धर्माचाच आधार असल्यावर त्याला आवर कोण घालणार? १८८४ च्या सुमारास झिंगराजी गेले तेव्हा डेबूजी आठ वर्षांचा होता. मरणापूर्वी त्यांना पश्चात्ताप झाला, आणि पोराला या देवांपासून व दारूपासून दूर ठेव असे त्यांनी सखुबाईला बजावले, असे चरित्रकार सांगतात.

आठ वर्षे हे शाळेत जाण्याचे वय. सखुबाईपुढे शाळेचा प्रश्न आला नसेल, भाकरीचा आला. ती मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी, वडील हंबीरराव यांच्या आश्रयाला गेली. आजोबांचे आणि मामा चंद्रभानजींचे घर शेतीवाडीचे होते. पोराला कोणी छळले नाही, कोणी उपाशी ठेवले नाही. पण त्याच्या हाती पाटी न येता गुरांची काठी आली. तो गुरे राखू लागला, गोठा झाडू लागला, मोठा झाल्यावर नांगर धरू लागला. कष्टाळू म्हणून त्याचे कौतुकही झाले. आम्हांला वाटते, मुलाचे शिक्षण असेच सुटते. कोणी क्रूरपणे ते थांबवीत नाही. लेकरू कामाला उपयोगी पडू लागते आणि सर्वांना ते बरे वाटते.

त्या घरात अक्षर नसल्याची किंमत पुढे चुकवावी लागली. मामांनी सावकाराकडून कर्ज काढले होते. दिलेल्या पैशांचा हिशेब सावकाराच्या चोपडीत राहिला, आणि घरात तो वाचू शकेल असे कोणी नव्हते. कर्ज फिटत आले असे मामा समजत होते. कागद मात्र जमीन गेली असे सांगत होता. सावकाराची माणसे ताबा घ्यायला शेतावर आली तेव्हा तरुण डेबूजी नांगरासह आडवा उभा राहिला. वऱ्हाडात ही हकीकत मोठ्या चवीने सांगितली जाते आणि त्याच्या धाडसाचे वर्णन करताना सांगणाऱ्याला भान राहत नाही. आमचे लक्ष मात्र त्या चोपडीकडे जाते. ज्याच्या मनगटात इतके बळ होते त्याला एक कागद वाचता आला असता, तर नांगर घेऊन उभे राहण्याची वेळच आली नसती. तो धक्का त्या घराला पेलवला नाही. पुढे आयुष्यभर बाबांनी कर्जाविषयी जे जे सांगितले त्याच्या तळाशी दापुऱ्याचे ते शेत आहे.

अक्षर नव्हते म्हणजे त्या पोराजवळ काहीच नव्हते, असे मात्र नाही. गुराख्यांच्या मेळ्यात आणि रात्रीच्या भजनात बसून त्याने संतांचे, विशेषतः तुकोबांचे, कितीतरी अभंग ऐकून ऐकून पाठ केले. ते इतके पक्के होते की पुढे पन्नास वर्षे कीर्तनात त्याला पोथी लागली नाही. पुस्तक नसलेल्या घरातही गाणे, ओवी, कहाणी आणि हिशेबाचे कोडे असते. आमच्या शाळेत भाषेत हुशार निघणारी कित्येक मुले ज्या घरांतून येतात तिथे पुस्तकांचे कपाट नसते. आजी असते, आणि ती बोलते. भीमगीते पाठ असलेल्या आईचे लेकरू वर्गात कविता लवकर उचलते, हा आमचा नित्याचा अनुभव आहे.

१८९२ मध्ये डेबूजींचे लग्न कुंताबाईंशी झाले. पहिली मुलगी आलोका हिच्या बारशाला जातीच्या रीतीप्रमाणे दारू-मटणाची पंगत अपेक्षित होती. डेबूजींनी ती दिली नाही. गोडाचे साधे जेवण घातले. जातभाई रागावले, बोलणी झाली. बाहेरून पाहता ही किरकोळ गोष्ट आहे. परंतु व्यसनाने बाप गमावलेला तरुण आपल्या पहिल्या लेकराच्या नावाने होणाऱ्या पहिल्याच समारंभात घराचा पैसा कुठे जाऊ द्यायचा नाही हे ठरवितो, यात पुढचे सगळे कीर्तन बीजरूपाने आहे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात काठी व खराटा, आणि जेवायला व पाणी प्यायला मातीचे गाडगे. त्या गाडग्यावरूनच लोकांनी त्यांना नाव दिले. गावात शिरायचे, रस्ते झाडायचे, कोणी भाकरी दिली तर कामाच्या मोबदल्यात घ्यायची, आणि रात्री कीर्तन करून पुढच्या गावाला निघून जायचे. पूर्णेच्या काठी ऋणमोचनच्या यात्रेत चिखलात घसरणाऱ्या लोकांना हात देत ते उभे राहत. पुढे तेथे घाट झाला. नाशिक, पंढरपूर, मुंबई येथे धर्मशाळा झाल्या. हा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून येथे त्याचा विस्तार करीत नाही.

परंतु एका प्रश्नाला बगल देऊन पुढे जाणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. जो माणूस स्वतः लहान मुले मागे ठेवून घराबाहेर पडला, त्याचा दाखला घराने मुलांसाठी काय करावे यासाठी कसा द्यावा? बौद्ध वाचकांना हा प्रश्न नवा नाही. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा वाचताना यशोधरा आणि राहुल यांच्यापाशी आपलेही मन घुटमळते. बाबांच्या बाबतीत म्हातारी सखुबाई आणि कुंताबाई यांनी मोलमजुरी करून संसार ओढला. बाबांनी संस्थांसाठी लोकांकडून लक्षावधी रुपये उभे केले, पण त्या संस्थांत नातलगांना अधिकार मिळू दिला नाही, आणि बायकोमुलांनाही त्या वैभवाचा उपभोग घेऊ दिला नाही. मुलगा गोविंदा १९२३ मध्ये गेला तेव्हा बाबा दूर कोकणात खारेपाटणला कीर्तनात उभे होते. बातमी कळली, आणि कीर्तन चालूच राहिले. लोक या प्रसंगात त्यांचे वैराग्य पाहतात. आम्हांला त्या वेळी घरी असलेल्या आईची आठवण येते. घरी अभ्यास कोण करून घेते, या प्रश्नाचे उत्तर शंभरापैकी नव्वद घरांत आई हेच असते. तिच्यावर कीर्तने झालेली नाहीत.

तरीही दाखला बाबांचाच देतो, कारण घर म्हणजे काय हे घराबाहेर राहून त्यांच्याइतके बारकाईने कोणी पाहिले नाही. रोज नवे गाव, रोज नव्या घराची भाकरी. कोणत्या घरी पोर शाळेत जाते आणि कोणत्या घरी जात नाही, पैसा कुठून येतो आणि कुठे झिरपतो, हे त्यांनी उंबरठ्यावर बसून पाहिले होते. म्हणूनच शिक्षणाविषयी ते जे सांगत ते इतर पुढाऱ्यांच्या भाषणांहून वेगळे वाटे. शिक्षणाचे महत्त्व सर्वच सांगत. त्यासाठी पैसा घरातल्या कोणत्या खर्चातून काढायचा हे बाबा सांगत. जेवायचे ताट विकावे लागले तरी चालेल, भाकरी हातावर घेऊन खाता येते. बायकोला लुगडे हलक्या दराचे घ्यावे. पाहुण्यांचा पाहुणचार आटोपता घ्यावा. पण मुलाला शाळेत घातल्याशिवाय राहू नये, असा त्यांचा आग्रह होता. लग्नात कर्ज नको, तेरवीला कर्ज नको, नवसाला बकरे नको. या सगळ्या नकारांची बेरीज केली तर वहीपेन्सिलीचे पैसे निघतात, हा त्यांचा हिशेब. मामाची चोपडी न वाचता आलेल्या माणसाने तो मांडलेला होता.

आमच्या समाजात नवस संपले, बकरे संपले. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या आजी-आजोबांनी ते घराबाहेर काढले. हे साधे काम नव्हते. पण मोकळी झालेली जागा रिकामी राहिली का? लग्नातील डीजे, वाढदिवसाचे फलक, जयंतीच्या मिरवणुकीची वर्गणी आणि दारावर हप्त्याने आलेली मोटारसायकल यांचा खर्च एका बाजूला मांडून दुसऱ्या बाजूला त्या वर्षी लेकरासाठी घेतलेल्या पुस्तकांचा मांडावा. आम्ही कोणाला दोष देत नाही. आमच्या स्वतःच्या घरचा हिशेबही फारसा अभिमानास्पद निघणार नाही.

बाबांचे कीर्तन कसे चाले हे सांगितल्यावाचून त्यांच्या शिकविण्याची खूण कळणार नाही. ते निरूपण करीत बसत नसत. अस्सल वऱ्हाडी बोलीत समोरच्या गर्दीला प्रश्न विचारीत. गावात देव किती, त्यांना जेवू कोण घालते, धोतर कोण नेसविते, नैवेद्याला कुत्रे लागले तर ते हाकलते कोण? गर्दी एका आवाजात उत्तर देई आणि आपणच दिलेल्या उत्तराने चकित होई. कर्ज किती, दारूला किती, पोरगे शाळेत आहे काय, हेही ते असेच विचारीत. ज्याला स्वतःला वाचता येत नव्हते तो हजारोंना विचार करायला लावी, तो केवळ विचारण्याच्या बळावर.

पालकांनी हे उचलावे असे आम्हांला फार वाटते. वसतिगृहात रविवारी फोन येतात. जेवला काय, ताप उतरला काय, पैसे आहेत काय, इतके विचारून फोन बंद होतो. क्वचित गुण किती मिळाले हेही विचारले जाते, आणि मुलाचा आवाज लगेच खाली जातो. आज वर्गात काय शिकविले ते मला सांग, मला नाही ते माहीत, असे म्हणणाऱ्या आया थोड्या आहेत. पण आहेत. अकोट तालुक्यातील एका आईला अक्षर येत नाही. मुलगा सुटीत घरी गेला की ती त्याच्याकडून कापसाच्या काट्याची चिठ्ठी, विजेचे बिल आणि रेशनचा हिशेब वाचून घेते आणि समजेपर्यंत सोडत नाही. मुलाला ती परीक्षा वाटत नाही. घराला आपली गरज आहे असे वाटते. गणितात तो मागे होता. आईला तीनतीनदा समजावून सांगता सांगता त्याचा पाया पक्का झाला, असे आम्हांला दिसते.

आपल्याकडे घरच्या अभ्यासाचा विषय निघाला की सुभेदार रामजी सकपाळ यांचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परळच्या चाळीतील एका खोलीत मोठे कुटुंब राहत असे. भिमाला संध्याकाळी लवकर झोपवून रामजी स्वतः जागत, रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवीत आणि मग आपण आडवे होत. त्या शांत वेळात दिव्याच्या उजेडात मुलाने वाचावे. पुस्तकासाठी हाती पैसा नसला की लग्न झालेल्या मुलींच्या दारी जात, दागिना मागत, तो गहाण ठेवीत आणि पेन्शन आल्यावर सोडवून परत करीत. परंतु रामजी लष्करातील शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते, हे आपण विसरतो. इंग्रजी आणि गणित ते स्वतः शिकवू शकत. त्यांचा दाखला ऐकून निरक्षर बाप मनात म्हणतो की ते सुभेदार होते, मी नाही. म्हणून रामजींच्या शिकविण्यापेक्षा त्यांनी झोपेची पाळी लावून मिळवून दिलेला तो शांत वेळ आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. तो द्यायला अक्षर लागत नाही. आज एका खोलीत दूरचित्रवाणी आणि तीन मोबाइल चालू असताना तो वेळ मिळवणे रामजींच्या काळापेक्षा सोपे आहे की अवघड, हे ज्याचे त्याने पाहावे.

विशेष म्हणजे हा दाखला बाबा स्वतः देत. उत्तरायुष्यातील त्यांच्या कीर्तनात बाबासाहेबांचे नाव येई, आणि त्यातील रोख वडिलांवर असे. त्यांच्या वडिलांना सुबुद्धी सुचली, त्यांनी मुलाला शाळेत घातले, आणि त्या मुलाने देशाची घटना लिहिली. शाळेत घातले नसते तर त्याच्याही हाती झाडूच आला असता, अशा आशयाचे ते बोलत. हातात खराटा धरलेला माणूस हे बोलत होता. दोघांचा परस्परांविषयी आदर सर्वश्रुत आहे. पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंना कुठे थारा नव्हता तेव्हा बाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली होती; तीच वास्तू पुढे त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. आमच्यासारख्या निवासी शाळेने ही गोष्ट विशेष जिव्हाळ्याने सांगावी. यात्रेकरूंच्या निजण्याची जागा मुलांच्या अभ्यासाची जागा झाली, आणि त्यासाठी बाबांना फार समजावावे लागले असेल असे वाटत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ मध्ये कऱ्हाडला काढलेल्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले, तेव्हा बाबा हयात होते.

आता आमच्या हजेरीपटाकडे वळतो. दिवाळीची सुटी संपते तेव्हा वऱ्हाडात कापूस फुटलेला असतो. वेचणीला माणूस मिळत नाही, मजुरी किलोवर मिळते, आणि दहा-बारा वर्षांच्या पोराचे हात बोंडातून कापूस चपळाईने काढतात. मुले आठवड्याने येतात, पंधरा दिवसांनी येतात. एखादे येतच नाही. आणायला गेलो की आईबाप हात जोडतात, चहा करतात, आणि एवढा वेचा होऊ द्या गुरुजी, म्हणतात. त्यांच्या घरात त्या पैशाला काय अर्थ आहे हे आम्हांला कळते. त्यामुळे रागावता येत नाही. पण दापुऱ्याच्या त्या घरानेही डेबूजीला असेच मायेने कामाला लावले होते, हे सांगितल्याशिवाय आम्ही तेथून उठत नाही. काही वेळा मूल आमच्यासोबत परत येते, काही वेळा आम्ही रिकामे परततो.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्या वेळी बाबांची प्रकृती ढासळलेली होती. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडीतच त्यांचा शेवट झाला. अमरावतीत ज्या जागी त्यांची समाधी आहे तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

परतवाडा, चांदूरबाजाराकडील आमची मुले सुटीत घरी जातात तेव्हा त्यांची बस वलगाववरून त्याच नदीच्या पुलावरून जाते. न्यायला आलेल्या आया खिडकीशी बसलेल्या असतात. रस्त्यावरच्या पाट्या मुले मोठ्याने वाचून दाखवितात, आणि आया ऐकत असतात.